मोरपिशी साडीची परवानगी

आई,

तुझी मोरपिशी साडी आता घरात नाही. दादाने परवा कपाट आवरायला काढलं आणि तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून गेले. त्याला सांगायच्या आधी तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की इथे बडोद्यात, तरसालीतल्या आपल्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर फ्लॅट उभे राहिले, आणि मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्याची बस बाबांना न्यायला नाक्यावर यायची, तो कारखानाही बंद पडला. मी शाळेतून निवृत्त झाले. चित्रकलेच्या बाईंना त्यानंतर कोण विचारतंय, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच.

इथल्या काही चित्रकारांचा एक गट आहे. सगळे आपापल्या खर्चाने परदेशी जातात आणि तिथल्या एखाद्या वस्तीतल्या लोकांबरोबर बसून चित्रं करतात, भिंती रंगवतात. एकमेकांशी न बोलणारी माणसं रंगात हात घातल्यावर बोलायला लागतात, आणि मग पाण्याची, दवाखान्याची, मुलांच्या शाळेची बोलणीही तिथेच सुरू होतात. “म्हणजे तिकीट काढून हमाली,” असं तू म्हणाली असतीस, ठाऊक आहे मला. यंदा मीही गेले, केनियात, एका मोठ्या सरोवराकाठच्या गावी. तिथे पाणी चढलं आणि काठची घरं गेली. बायका-माणसं वरच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांत राहायला आली, वेगवेगळ्या वाड्यांमधली, एकमेकींना नीट न ओळखणारी. दवाखान्यातल्या नर्सने आधीच कळवलं होतं की या बायका पुराबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि आजारी पडल्या तरी दाराबाहेर येत नाहीत. मी म्हटलं, गोधडी करू. प्रत्येकीने आपल्या गेलेल्या घराचं चित्र कापडात करायचं, मग सगळे तुकडे जोडून एकच मोठी गोधडी दवाखान्याच्या ओसरीत लावायची. जुनं कापड त्यांच्याकडे उरलंच नव्हतं, म्हणून निघायच्या आधी मी इथे तरसालीतल्या आणि आसपासच्या ओळखीच्या घरांतून जुन्या सुती साड्या मागून आणल्या. बॅग बंद करता करता तुझी साडी वर टाकली. का टाकली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

गोधडी मी तुझ्याकडूनच शिकले, म्हणजे ओरडा खाऊन शिकले. दुपार आहे, तू ओटा पुसून स्वयंपाकघराच्या फरशीवर अस्तर अंथरलं आहेस, चार कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवले आहेस. शेजारच्या गुजराती मासी दारात बसून भाजी निवडताहेत. मी घाईघाईने धावदोरा घालते आहे, कारण मला बाहेर खेळायला जायचं आहे. तू नुसती वाकून बघतेस. “टाके घालतेस का ढांगा टाकतेस? उसव सगळं.” मी रडकुंडीला येते, मासी माझी बाजू घेतात, “जवा दो ने बेन, छोकरी छे,” आणि तू त्यांनाही मध्ये पडू नका म्हणून ऐकवतेस, “मासी, तमे वच्चे ना पडो.” मग राग ओसरल्यावर तू एकेका ठिगळावर बोट ठेवून त्याची ओळख करून देतेस. हे तुझ्या आजीच्या लुगड्याचं, हे बाबांच्या लग्नातल्या सदऱ्याचं, हे तुझ्या बाळंतविड्याचं. पांघरूण अंगावर घ्यायचं तर त्यात कोण कोण आहे ते माहीत पाहिजे, हा आपल्या घरचा शिरस्ताच होता.

तो शिरस्ता मी केनियात नेला आणि घोळ करून ठेवला. पहिले दोन-तीन दिवस छान गेले. तिथली एक बाई आमची दुभाषी होती. गावातल्या गुजराती दुकानात कापड मोजून देण्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे ती माझ्याशी फाडफाड गुजरातीत बोलायची. बडोद्याहून एवढं लांब येऊन मी गुजरातीवर दिवस काढते आहे, याचं आमच्या गटाला भारी हसू यायचं. बायका साड्या कापत होत्या, दारं-खिडक्या, नावा, कोंबड्या बेतत होत्या. सगळ्यांत म्हातारी जी होती तिला खिडकीपर्यंत चढलेलं पाणी करायचं होतं आणि हवा तसा रंग मिळत नव्हता. मी तुझी साडी तिच्यासमोर उलगडली. तिचा चेहरा खुलला, तिने कात्री उचलली, आणि मी मोठ्या अभिमानाने दुभाषीला तुझी, माझ्या बाची, ओळख सांगितली, “आ मारी बानी साडी छे. बा तो गुजरी गयां.”

म्हातारीने कात्री खाली ठेवली. दुभाषीने हलक्या आवाजात मला विचारलं, “बाने पूछ्युं?” आईला विचारलंस का, म्हणजे काय ते मला आधी कळेचना. मग तिने समजावलं. मेलेल्या आईचं वस्त्र तिला न सांगता कापायचं म्हणजे तिच्या अंगावरून ओढून घेण्यासारखं. एकेक करत सगळ्यांनी कात्र्या खाली ठेवल्या. बाकीच्या साड्या कोणाच्या, त्यातल्या किती जणी हयात आहेत, अशी कुजबुज सुरू झाली, आणि मला तरी कुठे माहीत होतं? कशाबशा दाराबाहेर आलेल्या त्या बायका आता उठून जाणार, असं दिसायला लागलं. आमच्या गटातला एकजण म्हणाला, तुमची साडी बॅगेत ठेवून द्या, संपला प्रश्न. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली आणि दुभाषीकरवी मला बजावलं. आता तुझी आई इथे आली आहे, तिने ऐकलं आहे, तिच्याशी बोल आणि तिच्या भाषेत बोल, आमची तिला यायची नाही.

मग मी बोलले, आई. पत्र्याच्या शेडमध्ये, एवढ्या बायकांसमोर, साडी मांडीवर घेऊन. सुरुवात अगदी शाळेतल्या भाषणासारखी केली, की आई, या भगिनींना पाणी दाखवायला मोरपिशी रंग हवा आहे. पुढे मला काय झालं कोण जाणे. ही साडी नेसून तू माझ्या पहिल्या प्रदर्शनाला आली होतीस. चित्रं बघून म्हणालीस, “चांगली आहेत, पण भिंत फार पांढरी आहे गं,” आणि तरी प्रत्येक चित्रासमोर परत जाऊन उभी राहिलीस. आणि नंतरच्या प्रदर्शनासाठी मी बाहेरगावी असताना तू दवाखान्यात पडलीस, तेव्हा दादाला बजावलंस की तिचं काम चाललंय, तिला बोलवायचं नाही. मी पोचले तेव्हा तुला घरी आणून ठेवलं होतं. चित्रं काय, आठ दिवसांनी उतरवलीच असती ना मी! मला का नाही बोलावलंस? माझ्या वतीने ठरवायला तुला कोणी सांगितलं होतं? हे सगळं मी त्या बायकांसमोर रडत रडत तुला विचारलं. दादाशी मी या विषयावर कधीही बोलले नाही, तुझ्या फोटोशीसुद्धा नाही.

मी थांबल्यावर दुभाषीने माझ्या खांद्यावर हात ठेवून तुझा होकार मिळाला का ते विचारलं, “बाए हा पाडी?” मी डोळे पुसले आणि म्हटलं, “हा.” तिने ते म्हातारीला सांगितलं. म्हातारीने साडी कपाळाला लावली, कात्री घेतली आणि पाणी कापायला सुरुवात केली. कापता कापता ती एकटीच बोलू लागली. दुभाषी सांगत होती, तिची जख्ख म्हातारी आई याच पुरात गेली होती, आणि तिचं एकही कापड हाती लागलं नव्हतं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. त्या संध्याकाळी नर्सबाई ओसरीत येऊन नुसत्या ऐकत बसल्या. गोधडी आता तिथे लावलेली आहे, आणि तिच्याखाली बसून बायका आपला नंबर यायची वाट बघतात. नवीन कोणी आलं की म्हातारी पाण्यावर बोट ठेवून सांगते, हे बडोद्याच्या बाईच्या आईचं.

हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे, नाहीतर दादाच्या हाती लागेल आणि तो उगाच स्वतःला दोष देत बसेल. त्याला साडीचं मी तोंडी सांगेन. तुला मात्र खरं सांगते. त्या दिवशी मी तुझी परवानगी मागितलीच नव्हती, नुसती भांडले होते. तुझं उत्तर येतंय का, याची वाटही पाहिली नाही. तुझा होकार मीच देऊन टाकला, तुला न विचारता, तुझ्या वतीने. आणि साडीला कात्री लागली तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. मला फार बरं वाटलं, आई.