जाड-बारीक सूत

३ मार्च

ती. ताईस,

सा. न. नमस्कार वाकूनच केला आहे, कारण गेला आठवडाभर मी सरळ उभा राहिलेलोच नाही.

भावोजींनी दुरुस्त करून पाठवलेले रोलर पोचले आणि दोन साच्यांवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, चढवलेही. तू विचारलंस की तुमच्या घरून येणाऱ्या या लोखंडी दांड्यांचं आम्ही सूतगिरणीत करतो तरी काय. अगं, या रोलरांमधूनच कापसाचा पेळू ओढला जातो, बारीक होतो आणि मग त्याला पीळ बसतो. फिरून फिरून रोलरचा गळा, म्हणजे बैठकीत फिरणारा भाग, झिजतो. भावोजी त्यावर धातू चढवून, लेथवर तासून त्याला पुन्हा भरीव करतात. या साच्यांचे नवे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. म्हणजे आम्ही भावोजींच्या हातावरच जगतोय म्हण.

सध्या मात्र याच दोन साच्यांनी छळ मांडलाय. सूत जाड-बारीक येतं आणि बारीक जागी तुटतं. तिथली कामगार मावशी (सगळी गिरणी तिला मावशीच म्हणते) दिवसभर तुटलेले धागे जोडत फिरते. तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नाहीत. मला वाटतं, वरच्या रोलरांचं रबर गेलंय. ते बदलतो.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहे, ती राहू दे.

तुझा धाकटा

१४ मार्च

चि. खिळ्यास,

अ. आ. तू बाप झालास तरी मी तुला खिळ्याच म्हणणार. अंगावर मांस धरलंस की दुसरं नाव शोधू.

कंबर दुखते म्हणतोस आणि रबर बदलतो म्हणतोस. साच्याला सुट्टी नाही हे कळलं, पण तुला कुणी तेल घालतं की नाही? इकडे ह्यांचंही तेच. वर्कशॉपमधला दिवा मंद आहे म्हणून सारखा बदलतात. परवा दाढी करताना अर्धी मिशी उडवली आणि आरशाला नावं ठेवली. तुझी पत्रं हल्ली मलाच वाचून दाखवावी लागतात, चष्मा शोधायचा कंटाळा येतो म्हणे. तुझ्या रोलरांवर मात्र जीव ओतला होता हो. तू काही बोलला नाहीस म्हणून जरा वाट बघतायत. चांगलं दोन ओळी लिही त्यांना.

जेवणाची आबाळ करू नकोस. आम्हाला विसरू नकोस.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. हे पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं, असं बरेचदा झालं.

रबर बदललं. बेअरिंगं बदलली. गिअर उतरवून दात अन् दात पाहिला, पीळ देणाऱ्या चात्या सरळ केल्या. सुताची खोड जाईना. खरं सांगू, दुसरं काय बिघडलं असेल ते शोधता शोधता मी थकलो, कारण जिथे बघायला हवं तिथे मला बघायचं नव्हतं. शेवटी भावोजींनी केलेला एक रोलर काढून शेजारच्या धडधाकट साच्यावर चढवला. खोड त्याच्याबरोबर तिकडे गेली. मग मापाच्या घड्याळावर, म्हणजे डायल गेजवर, फिरवून पाहिला. गळा मधोमध नाही. केसभरच सरकलाय, पण सुताला तेवढं पुरतं. सगळ्यांची तीच गत आहे.

मी कुणाला बोललो नसतो. पण मास्तरांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या साहेबांनी, मावशीचा हलगर्जीपणा ठरवला आणि तिला साच्यांवरून काढून कचरा-कापूस वेचायला बसवलं. इतकी वर्षं सूत जोडलेली बाई, खाली मान घालून गेली. मी पाना हातात धरून तिथेच उभा होतो.

आता मास्तरांना खरं सांगायलाच हवं. पण भावोजींना ते परक्याच्या तोंडून कळू नये. तूच सांग, कसं सांगायचं. मला सुचत नाही. फार दमलोय गं.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, आज हात जड आहे एवढंच.

कानस धरायची कशी, हे तुला कुणी शिकवलं? आमच्या घरी राहून काम शिकलास तेव्हा तू बिघडवलेला माल हे गुपचूप पुन्हा करून द्यायचे. कधी कुणाला कळू दिलं नाही. ते सगळं पुसून टाकलंस आणि केसभर माप तेवढं धरून बसलास.

नेहमीसारखं पत्र मोठ्याने वाचत होते. रोलरांच्या त्या ओळींवर आले आणि त्या गाळून एकदम शेवटावर उडी मारली. हे म्हणाले की तुझा भाऊ इतक्या लवकर निरोप घेत नाही, मधलं वाच. वाचलं. ऐकून घेतलं आणि उठून वर्कशॉपमध्ये गेले. दुरुस्तीला आलेल्या एका रोलरवर अंगठा फिरवत राहिले. मग मला हाक मारून मापाच्या घड्याळाचा काटा वाचायला सांगितला. मी आकडा सांगितला. पुन्हा वाच म्हणाले. तोच आकडा आला.

सकाळच्या गाडीने तिकडे येणार म्हणतायत. मी येते म्हटलं, तर नको म्हणाले. हे पत्र आधी पोचतं की ते, कुणास ठाऊक. जिना उतरताना त्यांचा हात धरू नकोस. नुसता एक पायरी पुढे चाल.

बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

ताई

१३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र भावोजींच्या मागून आलं. पण त्यांना गिरणीच्या जिन्यावर पाहिलं आणि आपसूकच पुढे चालायला लागलो.

त्यांनी साचा चालू करायला लावला. रोलरच्या बैठकीवर बोट टेकवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग विचारलं की या साच्यावर कोण असतं. मी सांगितलं. म्हणाले, आधी तिच्याकडे ने.

मावशी कापसाच्या ढिगात बसली होती. भावोजींनी तिला सांगितलं की सूत तुटत होतं ते माझ्या हातामुळे, तुझ्या नाही. तिने विचारलं की जेवून आलात ना. मास्तरांपुढेही ते तेच बोलले. मास्तर भला माणूस, खुर्ची पुढे केली. पण बाईला तिच्या जागेवर पाठवल्याशिवाय बसणार नाही असं भावोजी म्हणाले, आणि बसले नाहीत. मी तेव्हा तोंड उघडलं, रोलर तपासल्याचं सांगितलं. आधी का बोलला नाहीस, असं मास्तरांनी विचारलं.

मावशी परत साच्यांवर आली. मला म्हणाली, फार उपकार केलेस, तिकडे निदान बसायला तरी मिळत होतं. रोलर उतरवलेत, आता दुसऱ्या वर्कशॉपला जातील. तोवर हे दोन साचे बंद, मावशी शेजारच्या साच्यांवर.

परतताना स्टँडवर भावोजींनी मला गाडीची पाटी वाचून दाखवायला सांगितली. आजवर माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. दिव्याचाच दोष वाटत होता रे, एवढंच म्हणाले.

तू रागावलेली असलीस तरी चालेल. फक्त परकं करू नकोस.

तुझा धाकटा

२९ एप्रिल

चि. खिळ्यास,

अ. आ. मी मोठी आहे, तेव्हा माफी वगैरे मागणार नाही. पण राग गेला.

ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले, दुसऱ्याची आशा धरू नका म्हणाले. लेथला तेल लावून वर जाड कापड घातलंय. गिऱ्हाईक आलं की हे दारातूनच सांगतात, आता करत नाही. दुपारी झोपतात. इतक्या वर्षांत दुपारी झोपलेले मी पाहिले नव्हते. मी घरात चोरपावलांनी वावरते, पण मलाही त्या शांततेत डुलकी लागते.

काल म्हणाले, तुझ्या भावाला लिही की दुसरीकडून रोलर येतील तेव्हा घाईने चढवू नकोस, प्रत्येक गळा स्वतः फिरवून तपास. मी कागद घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, राहू दे, ते नको लिहूस. त्याला येतं ते.

तरी मी लिहिलं.

चार दिवस येऊन राहा. रिकाम्या हाताने ये.

तुझी ताई