पाण्याचं पद

महाड, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८७

दमलो. समीकरणातलं पाण्याचं पद आज पुन्हा आडवं आलं.

कॉलेजात दिवसभर शिकवून संध्याकाळी प्रबंध घेऊन बसलो. पाण्यातले जिवाणू प्राणवायूच्या ओढीने सरकतात, आणि पाणीही त्यांना वाहून नेतं. मग या हालचालीच्या समीकरणाची उकल कायम सुरळीत राहते, की सगळी गर्दी एका बिंदूत गोळा होऊन उकल फुटते? वाहत्या पाण्याचं पद मी दरवेळी उपद्रव म्हणून दाबायला जातो, आणि सिद्धता नेमकी तिथेच मोडते.

तेवढ्यात बायकोचा भाऊ यशवंत आला. पोलादपूरचा, इथे औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात आहे, ड्युटी सुटली की डोकावतो. मी उकलीला 'सोल्यूशन' म्हणतो, ते त्याला द्रावणच वाटतं.

"भावोजी, तुमचं सोल्यूशन अजून फुटतंय काय?"

हो म्हणालो. समजावायचं त्राण नव्हतं.

"मग तुम्ही ढवळत नाय. आमचा स्टरर बंद पडला का गुठळी धरते. पाणी फिरतं ठेवायचं."

चहा पिऊन गेला. मला हसूही आलं नाही. पाणी फिरतं असेल तर गर्दी जमेलच कशी? सिद्ध काहीच झालेलं नाही, होईल का तेही माहीत नाही. सगळी पानं पुन्हा लिहावी लागणार, एवढं मात्र नक्की.

दोन वर्षं पाण्यालाच अडचण समजून बाहेर ठेवत होतो. आणि आमचे आजोबा चवदार तळ्यावर कशासाठी गेले होते?