रिपोर्ट येईपर्यंत दिवा बंद

३ मार्च, सोमवार
ह्यांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट पुढच्या सोमवारी. मी मुळीच घाबरलेली नाही. देवापुढे दोन वाती जास्त लावल्या, इतकंच. लेक म्हणाली, आई, दिव्याने गाठ विरघळते का? मी मॅट्रिक, ती एम.एस्सी.; पण तोंड मलाही आहे. शेवटी पैज लागली. रिपोर्ट येईपर्यंत मी दिवा लावायचा नाही. वाईट काही घडलं तर ती रोज माझ्याशेजारी प्रार्थनेला बसणार. नाही घडलं तर मी तिला पुन्हा ‘बस’ म्हणायचं नाही. ओपन माइंड म्हणतात ते माझं उपजतच आहे.

४ मार्च
दिवा नाही. तेल वाचलं.
दुपारी भांडी पुसताना लक्षात आलं, पैज जिंकायला वाईट काय घडावं लागेल ते. ताटली हातातून निसटली. पैज मोडावी तर लेक हसणार. न मोडावी तर... पुढचं लिहीत नाही.

५ मार्च, सकाळ
चहा ठेवताना गॅसच्या ज्योतीला हात जोडले गेले. हा काही दिवा नव्हे. पैजेत गॅसचा विषय निघाला नव्हता. शिवाय चहा होतोच, वेगळा खर्च नाही.

७ मार्च
देवाला विनवलं, एखादं बारीकसं वाईट कर आणि विषय मिटव. दूध मुद्दाम मोठ्या आचेवर ठेवून बाहेर गेले. ह्यांनी येऊन गॅस बंद केला! वर म्हणाले, देवाला सुट्टी दिलीस, मला पथ्यातून कधी? ह्यांना हसू सुचतं कसं? मानेवरची पट्टी माझ्याने बघवत नाही.

९ मार्च
दिवसभर चहाच केला. हे म्हणाले, पोटाचं तळं झालं. भीतीचा प्रश्नच नाही. उद्याचं नीट पार पडलं की देवाला सगळं समजावून सांगेन. तोही ओपन माइंडचा असणारच.

१० मार्च, सोमवार
हे डॉक्टरांकडे आत गेले. बाहेर बाकावर लेकीने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा. कानाशी येऊन म्हणाली, आई, तू लपून लावलास ना गं दिवा? लावला असशील ना? लहानपणी ताप चढला की अशीच बघायची माझ्याकडे.
‘हो’ ओठांवर आलं होतं. पण पैज! ताठ बसले. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. दिवा सोड, कशालाही हात जोडले नाहीत. पोर पांढरीफटक पडली.
हे बाहेर आले. गाठ साधी आहे.

११ मार्च
दिवा लावला. लेकीला बस म्हणायची सोय राहिली नाही. न राहवून गॅसचं सगळं सांगून टाकलं. ती हसत गळ्यात पडली. म्हणाली, आता हरल्यावर काहीतरी रचू नकोस. मीच कालपर्यंत डळमळत होते. तू नाही म्हणालीस आणि रिपोर्ट चांगला आला, तिथेच माझी उरलीसुरली शंका फिटली. देवावर नसेल आई, पण तुझ्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे.