घासायला एक दगड

मी, क्लेमेन्स ऑगस्टस ट्रान्सू, वय वर्षे एकोणऐंशी, विधुर, पूर्वी अध्यापक व आता काही नाही, राहणार बेथनी क्रीक, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. असता तर बरे झाले असते, कारण माझे मलाच ठरवता येत नाही असे पाहून माझे वकील मॉर्टन फाइनगोल्ड यांच्या नाकी नऊ आले आहेत. याआधीचे मसुदे एकावर एक रचले तर खुर्चीवर घ्यायला चांगली उशी होईल, असे ते म्हणतात. ते सगळे मसुदे आजपासून रद्द समजावेत. हा शेवटचा. मी थकलो आहे.

कलम पहिले. राहते घर, परसातल्या सफरचंदाच्या झाडासह, माझी धाकटी बहीण थेकला ट्रान्सू, अविवाहित, हिला द्यावे. माझी पत्नी लेनोरा वारल्यापासून थेकला खालच्या मजल्यावर राहते व मी वरच्या. जेवण एकत्र. जेवणाआधी ती प्रार्थना म्हणते, मी डोळे मिटून बसतो, पण शेवटी आमेन म्हणत नाही. ती वाट पाहत थांबते. सूप गार होते. अशी बारा वर्षे आम्ही गार सूप पीत आलो आहोत आणि दोघांपैकी कोणीही हटलेले नाही.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक निम्मी थेकलाला व निम्मी आमच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या वाद्यवृंदाला. ईस्टरच्या पहाटे गावाला जागे करीत हा वृंद रस्त्यारस्त्याने फिरतो आणि त्यात मी मिसरूड फुटल्यापासून ट्रॉम्बोन वाजवला. मेलेली माणसे थडग्यातून उठतील यावर माझा विश्वास उरलेला नाही हे वृंदात सगळ्यांना ठाऊक होते. पण खालचा सूर धरणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मला कोणी काढले नाही. धर्माने माणसाशी इतपत सबुरीने वागावे, एवढेच माझे मागणे असते. ट्रॉम्बोन वृंदालाच द्यावा. त्याची सरकती नळी हिवाळ्यात अडते, तेल घालावे.

कलम तिसरे. पुस्तके गावच्या वाचनालयास. मुलींच्या ज्या महाविद्यालयात मी 'जगातील धर्म' हा विषय उभा जन्म शिकवला, त्याला एकही पुस्तक देऊ नये. तिथल्या एका अधिष्ठात्याने मला बजावले होते की हिंदू तत्त्वज्ञान दोन आठवड्यांत, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आत उरकून टाका, पोरींना परीक्षेत त्याचे गुण कमीच आहेत. ते गृहस्थ आता हयात नाहीत. राग मात्र आहे.

विषय निघालाच आहे तर, पोरींना सांगायचे राहून गेले ते इथे लिहितो. आमच्या घरात मला शिकवले की जन्म एकच, संधी एकच, आणि तुझे पाप तुझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी फेडले आहे. पुढे काशीत शिकलो की जन्म हवे तेवढे, घाई कसलीच नाही, पण ज्याचे त्याने फेडायचे. तरुणपणी मला हे दुसरे फार स्वाभिमानाचे वाटले. आता गुडघे गेले, दात गेले, आणि वाटते की कोणी परस्पर फेडून टाकत असेल तर आपली काही हरकत नाही. फाइनगोल्ड ज्यू आहेत. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही लोक मेल्यावर कुठे जायचे यावरून भांडता, आम्ही देवाशी जिवंतपणीच भांडून घेतो, म्हणजे नंतर झोप लागते.

सगळे एक आहे, ही गोष्ट मी संस्कृत शिकण्याआधी इथेच पाहिली होती. आमच्या दफनभूमीला आम्ही देवाचा मळा म्हणतो. तिथे गिरणीमालक आणि त्याची धुणेवाली यांचे दगड एकाच मापाचे, जमिनीसरसे आडवे, आणि ज्या क्रमाने माणूस मरतो त्या क्रमाने रांगेत. केवढे मोठे तत्त्व! पण काळ्या भावंडांची जागा भिंतीपलीकडे. काशीत 'सर्वांत तोच' असे पहाटे घोकणारे लोक, चितेला अग्नी देणाऱ्या डोमाच्या हातचे पाणी पीत नसत. घरोघरी मातीच्याच चुली. तुलनात्मक धर्माभ्यासातले माझे संशोधन म्हणाल तर ते एवढे.

कलम चौथे. पितळी तांब्या. मी काशीत दोन वर्षे पंडित वेणीमाधव त्रिपाठी यांच्याकडे वेदान्त शिकलो. निघताना त्यांच्या पत्नीने हा दिला. सध्या त्यात थेकलाने जिरेनियम लावले आहे. जिरेनियमसह तो तिलाच द्यावा. बाजारातल्या योगवर्गाच्या बाईंनी तो शोभेसाठी मागितला होता. त्यांना देऊ नये.

या पंडितजींची एक गोष्ट पुढच्या कलमासाठी लागेल म्हणून नोंदवतो. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला होता. त्याच्या श्राद्धाच्या दिवशी पत्नीने भात शिजवला, पंडितजींनी त्याचे पिंड केले आणि कावळ्यांसाठी गच्चीवर ठेवून ते हात जोडून उभे राहिले. त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला शिकवले होते की मरणारा कोणी नाही आणि एकाहून दुसरे काही नाही. देह म्हणजे भाड्याची खोली, भाडेकरू जाताना भिंती उचलून नेत नाही, हे त्यांचे नेहमीचे वाक्य. मी विचारले, मग हा भात कोणासाठी? त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"सिद्धान्त माझा आहे, साहेब. भात हिच्यासाठी."

ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात विसंगतीचे उदाहरण म्हणून सांगत असे. पोरी हसायच्या.

कलम पाचवे. देह. एवढा कागद खर्ची पडला तो याच्यासाठी.

आधीच्या सर्व मसुद्यांत मी लिहिले होते की मला जाळावे व राख याडकिन नदीत सोडावी. जे जन्मभर शिकवले त्यासारखे निदान एकदा तरी वागावे, अशी इच्छा. यंदाच्या फेब्रुवारीत तो मसुदा टेबलावर राहिला आणि थेकलाने वाचला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळभर ती माझ्याशी बोलली नाही. वाढले, वाट पाहिली, सूप गार केले, पण शब्द नाही. मला वाटले, जाळल्यास मी नरकात जाईन म्हणून तिला धास्ती आहे. तिला द्यायला मी उत्तरही तयार करून ठेवले होते: ज्या देवाने मातीतून माणूस केला त्याला राखेतून तो पुन्हा उठवणे काय जड आहे?

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सारे गाव बादल्या आणि ब्रश घेऊन देवाच्या मळ्यात जाते आणि आपापल्या माणसांचे दगड घासते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे प्रार्थना असते. गाडी मी चालवतो, पाणी मी आणतो, घासते थेकला. मला घासू देत नाही. मी अक्षरांतले शेवाळ तसेच ठेवतो म्हणते, आणि ते खरे आहे. तिने वडिलांचा दगड घासला, आईचा घासला, लेनोराचा घासला. मग रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि कितीतरी आठवड्यांनी बोलली.

"एमिलचा दगड नाही."

एमिल आमचा मधला भाऊ. युद्धात त्याचे जहाज बुडाले, देह मिळाला नाही, आणि आमच्या मळ्यात देहाशिवाय दगड बसवत नाहीत. मी माझे तयार उत्तर काढले. म्हटले, अगं, देवाला राख काय आणि समुद्र काय...

"ते मला नको सांगूस. देवाचं देव बघेल. त्याला समुद्रातनं काढेल, तुला नदीतनं काढेल, कामच आहे ते त्याचं. मी माझं बोलतेय. दर वर्षी इथे येते, बाबांचं होतं, आईचं होतं, लेनोराचं होतं, आणि मग हातात ब्रश तसाच राहतो. आता तूही नदीत जा. मग मी घासू काय?"

एवढे बोलून ती उठायला गेली. मी हात दिला. तिचा हात गार आणि ओला होता. वेणीमाधवजींचा तो खाली आणलेला आवाज आठवला, आणि चाळीस वर्षे मी ज्याला विसंगती म्हणत होतो ती काय होती हे कळले. मला फार रडू आले. थेकलाला वाटले, मला थंडी वाजते आहे. तिने आपला मफलर काढून दिला.

शिवाय, देह म्हणजे भाड्याची खोली असे मानणाऱ्याने ती अशीच पाडा, तशीच पाडा म्हणून हट्ट धरायचा, याला मोह नाही तर काय म्हणायचे? देहाची गरज मला नाही. तिला आहे.

सबब माझा देह, जसा असेल तसा, माझी बहीण थेकला ट्रान्सू हिला द्यावा. तिने तो देवाच्या मळ्यात, आमच्या रीतीप्रमाणे विवाहित पुरुषांच्या वेगळ्या रांगेत, ज्याच्याशेजारी पाळी येईल त्याच्याशेजारी पुरावा. दगड सगळ्यांच्या मापाचा असावा. त्यावर नाव आणि सालांखेरीज काही कोरू नये, पण अक्षरे खोल कोरावीत. शेवाळ धरले पाहिजे.

फाइनगोल्ड यांचा यावर आक्षेप आहे. कायद्याने मृताचा देह ही कोणाचीच मालमत्ता नसते, म्हणून तो मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. मी म्हटले, वेणीमाधवजी मला हेच शिकवत होते, आणि तेही फी न घेता. फाइनगोल्ड हसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे कलम कोर्टात टिकायचं नाही. थेकलाबाईंपुढे टिकेल." कलम राहिले.

कलम सहावे व अखेरचे. थेकला माझ्याआधी गेली, तर कलम पाचवे आपोआप रद्द होईल. मग मला जाळा, पुरा, नदीत सोडा, माझे काही म्हणणे नाही. मी असेन तोवर तिचा दगड मी घासेन. माझ्यानंतर बँकेतल्या तिच्या वाट्याच्या निम्म्यातून त्यासाठी कोणीतरी माणूस नेमावा, आणि तो अक्षरांतले शेवाळ काढणारा असावा.

हे सर्व मी वाचून, समजून, फाइनगोल्ड यांच्या कचेरीत खालील दोघांसमक्ष सही केली. थेकला बाहेर गाडीत बसली आहे. आज सूप गार होऊ देणार नाही, असे मी तिला कबूल केले आहे.

ठिकाण: बेथनी क्रीक
तारीख: १९ एप्रिल १९९३

(सही) क्लेमेन्स ऑगस्टस ट्रान्सू

साक्षीदार:
१. (सही) वेंडेल शोर, बेकरीवाले, वाद्यवृंदातील सहकारी
२. (सही) रुथ ॲन क्राउस, शेजारीण