कोरी जीभ आणि वहिनीची मान

तीर्थरूप वहिनीस,

तुझ्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय. खोलीतलं टेबल माझ्या गुडघ्याएवढं आहे, त्यामुळे ज्याला पत्र लिहितो त्याला आपोआप नमस्कार घडतो.) मी इकडे खुशाल, तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. दादाचा खोकला कसा आहे, धाकटीचा पुढचा दात आला का, तुझं शिवणयंत्र अजून मधेच उलटं फिरतं का, हे सगळं सवडीने कळव. पण त्याच्या आधी तुझी मान कशी आहे ते कळव.

नुसतं 'बरी आहे' असं नको. गेल्या गुरुवारी, सकाळी साडेअकरा ते सव्वाबारा या वेळात, मानेला काही झालं का? उसण भरली, लचकली, कुणीतरी आवळल्यासारखं वाटलं, पाणी पिताना ठसका लागला? आरशासमोर उभी राहून एकदा डावीकडे बघ, एकदा उजवीकडे बघ, आणि मगच पुढचं वाच. मी फोनच केला असता, पण दादाच्या हातात फोन आला की तो स्पीकरवर टाकतो आणि माझी खुशाली अख्ख्या गल्लीला कळते. शिवाय तू 'का रे?' विचारलं असतंस, आणि तुझ्या 'का रे'पुढे मी आजवर कधी टिकलेलो नाही. कागद बरा. कागदाला उलट विचारता येत नाही.

तर आता का ते सांगतो. खाली बस.

मी लाकडी पेट्यांच्या कारखान्यात आहे असं तुला सांगितलं होतं. ते खोटं नाही. पेट्या होतात, मीच ठोकतो, दिवसाला साठ. पण त्या पेट्यांत काय भरतात हे तू विचारलं नाहीस आणि मीही बोललो नाही. (सातवीत दोनदा बसलेला दीर नोकरीला लागला या आनंदात तू होतीस. आनंदात माणूस खोलात जात नाही.) वहिनी, त्यांत सिगार भरतात. मोठ्या लोकांच्या, एकेक हाताने वळलेल्या. म्हणजे निघायच्या दिवशी तू मला ट्रंकेवर बसवलंस, माझा हात तुझ्या गळ्याला लावलास, आणि 'तंबाखू तोंडाला लावणार नाही, वहिनी, तुझ्या गळ्याशपथ' असं वदवून घेतलंस, आणि मी तिथून उठून सरळ तंबाखूच्या डोंगराखालीच येऊन राहिलो. पण शपथ पाळली. चौदा महिने पाळली. पाण्यात राहून कोरडा राहिलो. सगळे मला 'महाराज' म्हणतात, ते काही माझ्या ज्ञानामुळे नाही.

आता इथल्या मावशींबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या वळणाऱ्या. साठीच्या पुढच्या, बोटं अशी की ओल्या पानाला इस्त्री केल्यासारखं सरळ करतात. मी दोरीने बांधलेली ट्रंक घेऊन फाटकाशी उभा होतो तेव्हा सगळे हाकलत होते, यांनी विचारलं, "हातोडी धरता येते का?" मी हो म्हटलं. (येत नव्हती. डाव्या अंगठ्याचं नख अजून साक्षीला आहे.) तर या मावशींनी दोन वर्षं खपून एक नवी सिगार केली. बुटकी, माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, आणि वरचं पान काळंभोर. दिसायला म्हणशील तर जुन्या खुर्चीच्या पायाचा तुकडा. ते पान काळं व्हायला महिनोन्‌महिने ढीग करून ठेवावं लागतं. ढीग आतून तापतो, मग तो उलटायचा, पुन्हा झाकायचा. मावशी त्या ढिगात हात घालून ताप बघायच्या, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मालकीणबाईंना मात्र हे काळं प्रकरण पसंत नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, की गुरुवारी परीक्षा. पास झाली तर सिगार बाजारात, नापास झाली तर पानांचा ढीग फेकायचा, मावशींचं टेबल काढायचं, आणि मावशींनी देठ निवडायला मागच्या शेडमध्ये जायचं. चाळीस वर्षांनंतर देठ.

परीक्षेची इथली रीत ऐक. तीन खुर्च्या असतात. एक मालकीणबाईंची. दुसरी नाकवाल्या काकांची. (यांना नुसत्या वासावरून सांगता येतं की पान कोणत्या महिन्यात तोडलं. लग्नाची तारीख मात्र दर वर्षी विसरतात.) आणि तिसरी खुर्ची 'कोऱ्या जिभे'ची, म्हणजे आयुष्यात कधीही न ओढलेल्या माणसाची. रोज ओढणाऱ्याची जीभ सवयीने बोलते, कोरी जीभ जे लागेल ते बोलते, असं मालकीणबाईंचे वडील सांगून गेले. दोघांचं जुळलं नाही तर कोरी जीभ सांगेल ते शेवटचं. आणि तिसरी खुर्ची रिकामी राहिली तर माल नापास. आता कोरी जीभ एकदाच कोरी असते, त्यामुळे दर वेळी नवा माणूस धरून आणावा लागतो. मागे मालकीणबाईंच्या दातांच्या डॉक्टरांना बसवलं होतं. या वेळी टपालवाला ठरला होता. गुरुवारी सकाळी तो कुंपणाशी विडी ओढताना सापडला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मालकीणबाई पेट्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी हातोडी खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकांनी बघितलं, सगळ्या वळणाऱ्या बायकांनी माना वळवून बघितलं, आणि मला कळलं की या अख्ख्या इमारतीत कोरी जीभ आता एकच आहे. बघ वहिनी, तुझी शपथ पाळली म्हणूनच ती मोडायची वेळ आली. मी एखादी चोरून ओढली असती तर आज किती सुखात असतो!

मी म्हटलं, मला पोटात दुखतंय. काका म्हणाले, "पोटात घ्यायचीच नाहीये. तोंडात धूर घ्यायचा, फिरवायचा, सोडायचा." मग मी मावशींकडे गेलो. म्हटलं मावशी, मी शपथेत अडकलोय. त्यांनी पान पुसत पुसत विचारलं, कुणाची? म्हटलं, वहिनीची, गळ्याची. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मग बसू नकोस." एवढंच. वर एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पुन्हा पान पुसायला लागल्या. ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला पळून जाता आलं असतं. मी जाऊन खुर्चीवर बसलो.

(मान बघ पुन्हा एकदा.)

परीक्षेची खोली म्हणजे चार भिंती, एक काचेचं दार आणि तीन खुर्च्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज असा की कुणीतरी कानात खिळे ठोकतंय. काचेच्या पलीकडे मावशी उभ्या, हात ॲप्रनच्या खिशात. काकांनी माझ्या सिगारीचं टोक कातरलं, पेटवून दिली. मी पहिल्यांदा डोकं लढवलं. शपथ 'तोंडाला लावणार नाही' अशी आहे, म्हणून मी ती ओठ न लावता नुसती दातांत धरली. ती विझली. पुन्हा पेटवली. या वेळी ओढण्याऐवजी फुंकलं, म्हटलं धूर कुठून का असेना, निघाल्याशी कारण. ठिणगी उडून मालकीणबाईंच्या कागदावर पडली आणि 'नापास' शब्दाच्या शेजारी भोक पडलं. (तो शब्द त्यांनी आधीच लिहून आणला होता, वहिनी. मी स्वतः वाचला. तेवढं मला वाचता येतं.) मालकीणबाई म्हणाल्या, "महाराज, सिगार आहे ती. चूल नाही."

मग मी डोळे मिटले, तुझी मनातल्या मनात माफी मागितली आणि ओढली.

पहिल्यांदा काय लागलं सांगू? काही नाही. नुसती भीती लागली. डोळ्यांपुढे तू, मान वाकडी. मग जिभेवर कायतरी चुरचुरलं, मिरीचा दाणा दाताखाली फुटल्यासारखं. मग ओल्या मातीसारखं काहीतरी, मग नवीन पेटीचं लाकूड, जे मी रोज हुंगतो. धूर मऊ होता. मी दणका बसेल म्हणून खुर्ची धरून बसलो होतो, तर हा पाहुण्यासारखा चपला काढून आत आला. राख झाडायची नसते, ती आपोआप पडेपर्यंत उभी ठेवायची, त्यावरून वळणाऱ्याचा हात कळतो. माझ्या सिगारीवर बोटभर राख उभी होती आणि माझा हात असा थरथरत होता की काचेपलीकडे मावशीही त्या राखेबरोबर हलत होत्या. पडली नाही. सांगतो तुला, माझ्या हातात राहून न पडलेली ती पहिलीच वस्तू.

अर्ध्यावर आली तेव्हा मालकीणबाईंनी त्यांची बाजूला ठेवली. म्हणाल्या, कडू आहे, जळकी आहे, नापास. काका म्हणाले, पास. आणि दोघं माझ्याकडे वळले. घड्याळ खिळे ठोकतच होतं. मावशींनी मला सकाळीच बजावलं होतं की कुणावरही दया करून खोटं बोलायचं नाही (ते पेट्यांच्या मोजणीबद्दल होतं, पण मला तेव्हा आठवलं). आणि खरं सांगायचं तर मलाही कडूच लागत होती. तसं बोललो असतो तर मावशी देठात. काहीच बोललो नसतो तर तुझी मान फुकटच गेली असती. म्हणून वेळ काढायला मी आणखी एक झुरका घेतला. मग आणखी एक.

आणि वहिनी, ते आलं. दुधाच्या पातेल्याचं बूड! आठवतं? दूध आटवताना तू कोपऱ्यात उभी राहायचीस, आणि पातेलं उतरलं की आपण दोघं चमचे घेऊन तुटून पडायचो, खरवडीसाठी. दादा म्हणायचा करपलंय, टाकून द्या. आणि तू म्हणायचीस, "करपलेलं वेगळं आणि खरवड वेगळी. ज्याला थांबता येत नाही त्याला कडूच लागणार." तेच. आधी कडू आणि त्याच्या मागून ते जाड, तपकिरी गोड. मी उभा राहिलो. खुर्ची पडली. मी म्हटलं, बाई, तुम्ही अर्ध्यावर ठेवलीत. खरवड बुडाशी असते. आमची वहिनी म्हणते की ज्याला थांबता येत नाही त्याला कडूच लागणार.

मालकीणबाईंना आयुष्यात कुणी 'तुम्हाला थांबता येत नाही' असं म्हटलं नसावं. काकांनी छताकडे बघायला घेतलं. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघत बघत आपली सिगार उचलली, पुन्हा पेटवली आणि ओढत राहिल्या. सात मिनिटं. मी मोजली. मला वाटलं आता नोकरीही गेली, मानही गेली आणि मावशीही गेल्या. मग बोटं भाजायला लागली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली, भोक पडलेला कागद घेतला, त्यावरचा शब्द खोडला आणि विचारलं,

"ही तुमची वहिनी कुठल्या कारखान्यात असते?"

मी म्हटलं, घरी असते, शिवण करते. "वाया चाललीये," असं म्हणून त्या गेल्या. माझी राख तेव्हा पडली. बुटावर.

मावशी आत आल्या. पडलेली खुर्ची उचलून ठेवली, माझ्या बुटावरची राख ॲप्रनने पुसली, आणि म्हणाल्या, "आता घरी लिही. आजच लिही." म्हणून लिहिलं. (तीन दिवस लागले, कारण शुद्धलेखन.)

दादाला नमस्कार, धाकटीला पापा, तुला तर काय, पायांवर डोकं.

तुझाच,
महाराज म्हणवून घ्यायची लायकी न राहिलेला दीर

ता.क. मुख्य काम राहिलंच. अंगणात, कुणी नसताना, स्वतःच्या गळ्याला हात लावून मोठ्याने तीनदा 'सुटली, सुटली, सुटली' असं म्हण. ज्याच्या गळ्याची शपथ त्यानेच ती सोडायची असते, तूच शिकवलंस. म्हटल्यावर लगेच कळव, कारण नाकवाले काका म्हणतात की माझी जीभ आता कोरी नाही पण कामाची आहे, आणि दर मंगळवारी अकरा वाजता मी त्यांच्या शेजारी बसायचं आहे.

ता.क. दुसरा. त्या सिगारीला मालकीणबाईंनी 'वहिनी' असं नाव दिलंय. पेटीवर सोनेरी अक्षरांत. ती बुटकी आणि जाड आहे याच्याशी त्या नावाचा काहीही संबंध नाही, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलंय.

ता.क. तिसरा. दादाने यावरून आरडाओरडा केला तर त्याला एवढंच विचार, की माळ्यावरच्या जुन्या बुटात, डाव्या, काय आहे. तुझ्या गळ्याची शपथ त्यानेही घेतली होती ना? म्हणजे तुझ्या मानेला आधीपासून काही होत असेल तर ते सगळंच माझ्यावर घालू नकोस.

ता.क. शेवटचा. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की पत्र पोचायला नऊ दिवस लागतात आणि मंगळवार परवा आहे. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा एक मंगळवार होऊन गेलेला असणार, कदाचित दुसराही. मान जागेवर असेल तर तसंच एका ओळीत कळव. नसेल, तर दादाकडून लिहवून घे.