मिरगाच्या आधी उडायचं

१६ एप्रिल, चोपड्याजवळ
लिहायचं लिहायचं म्हणत होळी गेली, पाडवा गेला. वही घेतली त्या दिवशी पहिल्या पानावर इंजिनाचं चित्र काढलं नि झोपलो. आज झोपच लागेना म्हणून बसलोय, नाहीतर आजही टाळलं असतं.

साखळी तुटली.

विलासभाऊ (यापुढे वि.) वेल्डिंगवाला. केळी वाहायच्या ट्रॉल्या बनवतो आणि उरलेल्या वेळात हे विमान. अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, वर कापड, एकच सीट. नाकात रोटरी इंजिन, भंगारात गेलेल्या जपानी गाडीतलं. पिस्टन नाही, आत तिकोनी लोखंड गरगरतं. आवाज म्हणजे डुकराच्या नरडीवर सुरी. गोव्याला मी पाठीवर पंखा बांधून पर्यटकांना पॅराशूटवर फिरवायचो, म्हणून पायलट मी. बारावी नापास पायलट.

शेपूट निंबाला साखळीनं बांधून पूर्ण जोर दिला. कडी उघडली. सुटलं ते थेट केळीत, मी आत. खोडं, पानं, घड, सगळ्याचा चुरा तोंडावर. शेवटी नाकावरचा पंखाच फुटला, एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. मी ओरडत होतो म्हणे. मला नाही ऐकू आलं.

केळी वि.च्या धाकट्या भावाची, धनराजची (ध.). धावपट्टीतली अर्धी जमीनही त्याच्याच वाट्याची. आला, तुटलेला घड दोन्ही हातांनी उचलला आणि वि.च्या तोंडावर हाणला. वि. आडवा. मग दोघं मातीत. चावले सुद्धा.

१७ एप्रिल
शर्टावरचा केळीचा चीक काळा पडला. जाणार नाही तो.

त्यांची आई, अक्का, निकाल देऊन मोकळी झाली. "मिरगलोंग उडनं तं उडनं. नही उडनं तं पट्टीवर नांगर फिरी, केळी लागी. आते दोन्हीजन जेवाले बठा."

बसले. एक ओठ सुजलेला, एकाचा डोळा बंद. कोणी कोणाकडे बघेना. वि.नं घास तसाच धरून ठेवला. विमान मिरगाच्या आत उडालं नाही तर तो माणूस संपला, एवढं मला दिसलं.

२८ एप्रिल
नव्या पंख्यासाठी लाकूड आणायला सावद्याला पाठवलं. लाकूड मिळालं. मग एक ट्रकवाला म्हणाला मुक्ताईनगरला चल. गेलो. तिथं एक जण माकडाला सायकल शिकवत होता. माकड शिकलं. मी परतलो तेव्हा वि.नं विचारलं, "इतला दिन कोठे व्हता?" सांगितलं. कानाखाली बसली. बरोबरच होती, पण जोरात.

९ मे
उन्हात लोखंडाला हात लावला की सालटं. सूर्य उगवायच्या वेळेलाच चालवतो. तरी तापमानाचा काटा लाल. हे इंजिन तापलं की चिडतं, आणि चिडलं की आग ओकतं. शब्दशः. आज धुराड्यातून हातभर ज्वाळ आली, बांधावरचं वाळकं गवत पेटलं. पोती घेऊन बडवत बसलो. ध. लांबून बघत होता. विझवायला आला नाही, हसलाही नाही.

गरम वाफेला जागा मिळावी म्हणून वि.नं वर पाण्याची एक डबी बसवली. इंजिनातून तिला बारीक काळी नळी, माझ्या गुडघ्यांवरून. "आते नही तापाव." खरंच काटा थोडा खाली आला.

१५ मे
बेडूकउड्या. जोर द्यायचा, हातभर उचलायचं, टेकवायचं. चौथ्या वेळी पट्टी संपेपर्यंत वरच होतं. पोटात कोणीतरी गुद्दा मारावा तसा आनंद. उतरून पट्टीवरच लोळलो.

वि. चाकाला मिठी मारून बसला.

२१ मे
रक्त धुतलं. नखांत अजून आहे.

दुपारी विमानापाशी एकटाच होतो. ध. आला कुऱ्हाड घेऊन. डोळे लाल. सरळ विमानाच्या नाकाकडे. "मनी ठिबकनी नळी कापी लिधी त्यानी! मनी नळी काढ आठेनी! नही तं पंखच तोडी टाकसू!"

या दोघांचं कशावरूनही पेटतं. पंप, स्टार्टर, खुरपं. मला वाटलं, हे त्यातलंच, नळीचं भांडण. कुऱ्हाड वर गेली तसा मी मोठा पाना फिरवला. कपाळावर. आवाज ओल्या नारळासारखा.

पडला तरी म्हणतच होता, नळी, नळी.

वि.नं मोटारसायकलवर घातला, चोपड्याला टाके. परत आल्यावर म्हणाला, "हातभर नळीसाठे कुऱ्हाड लई ऊना. दख कसा भाऊ शे मना." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. परवा उडायचं ठरलं.

२३ मे
उडालो.

पहिलं वळण. खाली तापी, निम्मी वाळू. मी शिव्या देत होतो, मोठमोठ्यानं, खुशीत. सगळ्यांना. शाळेतल्या मास्तरांना, बापाला, त्या माकडाला सुद्धा.

दुसऱ्या वळणात फट्. आधी वाटलं कोणी लाथ घातली. मग मांड्यांवर उकळतं पाणी. पाय पॅडलवरून उचलता येईना, उचलला की विमान कलंडायचं. तसाच शिजत बसलो. समोर वाफ. वाफेत ती नळी लोंबत होती, काळी टेप उकलून, उन्हातल्या मेणबत्तीसारखी मऊ झालेली. तिच्यावर बारीक भोक, थेंब सोडायचं. झाडाच्या बुडाशी असतं तसलं. ठिबकची नळी. थंड पाण्याची. शेतातली.

मनी नळी काढ आठेनी.

इंजिन बंद केलं. नुसता वारा. पट्टी दिसली, आपटलो, एक चाक निघून केळीत गेलं.

वि. पळत आला, रडत, नाचत. "उडनं रे! उडनं!" मला बाहेर ओढलं तेव्हा पँटला कातडी चिकटून आली. मी हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. पुढचा दात पडला. तो हात वर करेना. रक्त गिळत म्हणाला, "जमिनवर तं काही नही व्हयनं रे तिले."

म्हणजे माहीत होतं. बाजारात चांगली नळी मिळते, जळगावला जायला लागतं. मिरग जवळ आला होता, एवढंच.

३० मे, धुळे
ताईकडे. मांड्यांवर पट्ट्या. पट्टी बदलताना उशी चावतो. भाची विचारते, मामा, तू विमानातून पडला? म्हटलं, नाही, भाजलो. "विमानमा चुल्हा ऱ्हास का?"

ध. समोर आला तर काय बोलायचं याची तयारी करतो.

गोव्याला फोन केला. सीझन संपलाय, तरी ये म्हणाले, रंगकाम आहे. जातो. कुठंही.

५ जून
वि.चा फोन. दात नाही म्हणून स ची शिट्टी वाजते. चाक बसवलं, पंखा तपासला. अक्का ऐकत नाही. तिच्या मते एक अर्धवट गिरकी म्हणजे उडणं नाही, गावानं पाहिलं पाहिजे. परवा मिरग, नांगर येणार.

"ये."

नाही म्हटलं.

"तू नही तं मी बससू. उद्या सकाळले."

त्याला उडवता येत नाही. ट्रॉली सुद्धा रिव्हर्स घेताना खांबाला लावतो. म्हटलं, नळी बदलली का? फोन कट. पुन्हा लावला, उचलला नाही. अक्काकडे फोन नाही. ध.चा नंबर आहे माझ्याकडे. बोट ठेवलं नि काढलं. कुठल्या तोंडानं. नंतर फोन न करता मेसेज टाकला, भाऊ उद्या सकाळी स्वतः बसतोय, अडव. खाली ताईचा पत्ता कशाला लिहिला कोण जाणे.

निळ्या खुणा झाल्या. पाहिलंय त्यानं.

६ जून
पहाटेपासून जागा. बॅग भरलेली. संध्याकाळची बस. फोन वाजला नाही. वि. बसला असेल का, हवेत असेल का, की…

ताई आत आली. डोक्यावर पदर घट्ट, घाबरलेली.

"बाहेर कोनी ऊना शे. उंचापुरा. कपाळवर टाके शेतस."

हातात काय आहे विचारलं. कुऱ्हाड?

"नही रे. रबरनी नळी शे, नवी, जाड. पिकअप उभी शे, इंजिन चालूच ठेयेल शे. म्हने, मना भाऊले खोलीमा कोंडी ऊनू, दार तोडी ऱ्हायना तो. तुना भाऊले ईचार, हाई नळी चाली का."