कापसाचं बर्फ

१४ डिसेंबर
कापसाचा दुसरा वेचा घरी आला. मधली खोली खिडकीपर्यंत भरली. भाव चढल्याशिवाय मामाजी विकणार नाहीत. यशू कापसाच्या गंजावर चढून घसरत होती. तिचे बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसली.
'गेल्यापासून' लिहिलं. घरात हा शब्द चालत नाही. लडाखला रस्ता मोकळा करताना वरून बर्फ आलं. बर्फ काढायची मशीन सापडली, ती चालवणारा प्रशांत नाही. त्याचे साहेब म्हणतात, बर्फ वितळल्यावरच शोधता येईल. मामाजी मुलाच्या पुण्यानुमोदनाचा, शेवटच्या विधीचा, विषय काढू देत नाहीत. डोळ्यांनी पाहीन तेव्हा, म्हणतात.

१७ डिसें.
प्र.चा शेवटचा व्हिडिओ यशूनं पुन्हा लावला. त्यानं बर्फाचा माणूस केलाय, डोक्यावर स्वतःचं हेल्मेट. तिला तसाच हवा. कांद्याच्या जाळीत कापूस ठासला, कोळशाचे डोळे लावले. मान मामाजींनी सुतळीनं बांधून दिली.
"आबा, मान लय जाडी झाली."
"तुह्या बापाची तशीच हाये. बैलावाणी."
सगळे हसलो. मीसुद्धा. आत्याबाई, प्र.ची आई, हसता हसताच उठून चुलीकडे गेल्या.

२१ डिसें.
आता चार झाले. गंजाला टेकवून बसवलेत, तोंडं दाराकडे. एकाला आत्याबाईंनी प्र.चा स्वेटर घातला. मला विचारलं नाही.
शेजारच्या कमलबाई विरजण मागायला आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. "काऊन वं, राखणीले बसवले का हे? मले तं भेव वाटते." मी दार ओढून घेतलं.
स्वयंपाक करताना सारखं मागे वळून पाहते. उगाच.

२४ डिसें.
गंजात कोपरापर्यंत हात घातला. गरम. बाहेर एवढी थंडी आणि आत भाकरीच्या टोपल्यासारखी वाफ. वास आंबूस. यंदा वेचणीला बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या त्यांना दव सुकायच्या आत शेतात उतरवलं. कापूस ओलाच भरला गेला. मामाजींना सांगितलं.
"हिवाळ्यात ऊबच पायजे," म्हणाले. बिडी तोंडात, तसेच कापसाच्या खोलीत गेले.
यशूच्या हातांवर खाजून खाजून पुरळ.

२८ डिसें.
दुपारी यशू दिसेना. विहीर पाहिली आधी. मग शाळेकडे. आत्याबाईंनी हाक मारली, कापसाच्या खोलीपाशी तिची चप्पल.
हातांनी उकरलं. मामाजी, मी. काढावा तेवढा वरून घसरत होता. भिंतीजवळ, पार खाली सापडली. अंग भट्टीसारखं, चेहरा लाल, केस ओले. पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले.
"मी पाहून राह्यली होती बाबा बर्फाखाली कसा असन तं. आत गरम असते आई. बाबाले थंडी नाई वाजत."
माझ्याच्यानं पुढे लिहवत नाही.

२९ डिसें.
कापूस विका म्हटलं. पहिल्यांदाच मामाजींसमोर आवाज चढवला.
"भाव नाई."
"लेकरू जाता जाता राहिलं, मामाजी."
मग म्हणाले, "तिकडचं बर्फ काढाले कोणी तयार नाई, अन् तू मले कापूस काढ म्हणतेस."
समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

२ जाने.
व्यापाऱ्याला मीच फोन केला. गाडी उद्या. खोलीला कुलूप लावलं. मामाजी जेवले नाहीत.
यशू कुलूप हलवून पाहत होती. "कापूस नेला की मंग बाबा दिसन?"
तो इथे नाही, म्हटलं. "मले माहीत हाये," म्हणाली, आणि कुलूप सोडलं नाही.

३ जाने.
गाडी आली. दोघं भरत होते, एक वर तुडवत होता. यशू दारात उभी. प्रत्येक गठ्ठा उचलला की खालची जागा पाहायची. पाणी प्यायलासुद्धा हलली नाही.
भिंतीजवळचा कापूस तपकिरी निघाला, जळका वास. तुडवणारा खाली उतरला, हुंगला. "बाई, नशीब समजा. घर गेलं असतं." तेवढा त्यांनी अंगणात वेगळा टाकला. अजून धुमसल्यासारखा वाटतो. त्यावर पाणी ओतलं.
शेवटी फरशी लागली. सरकी, धूळ, एक मेलेली पाल. यशू मधोमध जाऊन उभी राहिली. भिंतीकडे गेली, परत आली.
"इथी तं कोणीच नाई."
"नाही गं."
"आई, साहेबाले सांग, तिकडचं बर्फ काढू नका म्हणा. तिथीबी कोणी नसलं तं?"
मामाजी दारात होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत, खाली बसले.
संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "साहेबाले फोन केला का?" शोधाचं विचारायला दर सोमवारी मी करते. आज सोमवार.
नाही, म्हटलं.
"बरं," म्हणाले.
फोन समोर आहे. अजून उचललेला नाही.